लुएलाबाई आणि वाऱ्याचे धागे

लुएलाबाईंशी कोणी खोटं बोललं तर ते त्यांना एक वेळ चालायचं. लोक बोलतातच, म्हणायच्या. पण न बघता 'बघितलं' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मग समोर पोस्टमन असो, डोळ्यांचा डॉक्टर असो, नाहीतर मी. लगेच बोट वर. "पाहिलंत की वाटलं?"

मी सातवी शिकलेला, ट्रक चालवून हाडं झिजवलेला माणूस. लिहिता येतं, लिहायची सवय नाही. मंडळाच्या अंकासाठी आमची सून प्रज्ञा म्हणाली, "बाबा, आईंवर लिहा ना." मी म्हटलं, कौसल्येवर मी लिहिणार नाही. ती जाऊन वर्ष उलटलं तरी तिचं नाव कागदावर काढलं की हात थांबतो. लुएलाबाईंवर लिहितो. त्यात कौसल्या येईल तेवढी येईल.

इकडे परदेशात, बॉथेलला, आमच्या मुलाच्या, आनंदच्या घराच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. काळ्या वर्णाच्या, ठेंगण्या, डोक्यावर कापूस पिंजून ठेवावा तसे पांढरे केस, वय ऐंशीच्या घरात. चालणं मात्र असं, की समोरचा फूटपाथ यांच्या बापाने बांधला असावा. कोणी मदतीला हात पुढे केला की त्या हाताकडे बघायच्या, मग माणसाकडे बघायच्या. हात आपोआप मागे जायचा.

आम्ही नवीन आलो होतो, तेव्हाची गोष्ट. कौसल्या होती. एका सकाळी बघतो तर आमच्या पांढऱ्या कुंपणावर काळे धागे! बोटाएवढे लांब, एका टोकाला टेप, दुसरं टोक मोकळं. एकाखाली एक, रांगेने. मागच्या गल्लीतल्या एक काकू फिरायला आल्या होत्या, त्या थबकल्याच.

"काका, हात लावू नका हं. इकडच्या लोकांतही असतं असं. काहीतरी केलंय."

"काकू, तुम्ही कम्प्युटरवाल्या ना?"

"कम्प्युटर वेगळा आणि हे वेगळं," म्हणाल्या आणि रस्त्याच्या पलीकडून गेल्या.

आता, आम्ही उतारे ओलांडून जाणारी माणसं. निळ्या कोटातल्या आमच्या बापाने आम्हाला तेवढं तर शिकवलंच आहे. मी सरळ जाऊन बेल वाजवली. माझं इंग्रजी ट्रकच्या पाठीवर मावेल एवढं. म्हटलं, "मॅडम, थ्रेड. व्हाय?"

बाई एकदम खूश! माझं मनगट धरलं आणि कुंपणाशी नेऊन उभं केलं. थोड्या वेळाने वारा आला. वरचे धागे आडवे, सरळ झाले. खालचे मात्र वेड लागल्यासारखे गरगर फिरायला लागले. तेवढ्यात माझी नात धावत आली आणि दुभाषी झाली. प्रकरण असं होतं, की आनंद शनिवारी मागच्या अंगणात शेगडी पेटवायचा आणि तो सगळा धूर यांच्या स्वयंपाकघरात शिरायचा. आनंद घाबरून होता. "ती कम्प्लेंट करणार यार," म्हणायचा. बाईंनी कम्प्लेंट केली नाही, धागे लावले. वारा कुंपणावरून खाली पडतो, तिथं भोवरा होतो, तो भोवरा धूर उचलून खिडकीत टाकतो. शेगडी चार हात इकडे घ्या, बस.

नात म्हणाली, "आजोबा, शी सेज, जिथं शेक होतं तिथं बघू नका. त्याच्या आधी बघा."

ते मात्र मला दुभाष्याशिवाय कळलं. ट्रकवरची ताडपत्री मागे फडफडते तेव्हा मागे गाठी मारून काही होत नाही. पुढे कुठंतरी दोरी सैल असते.

शेगडी सरकवली. धूर गेला. काकूंना सांगितलं, तर म्हणतात कशा, "बघा, लागू पडलाच की नाही उतारा!"

बाई कोण आहेत ते हळूहळू कळत गेलं. तरुणपणी त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, विमानांवर संशोधन करणाऱ्या सरकारी ठिकाणी होत्या. तिथं वाऱ्याचा बोगदा होता. एका टोकाला घराएवढा पंखा, मध्ये टांगलेलं लहानसं विमान, पंखांवर चिकटवलेले लोकरीचे धागे. वारा सोडायचा आणि काचेतून धागे बघायचे. धागा सरळ पडून राहिला तर हवा पंखाला धरून आहे. फडफडला तर हवेने पंख सोडला, आणि खरं विमान असतं तर ते खाली आलं असतं. सुरुवातीला यांना काचेपाशीसुद्धा जाऊ देत नव्हते. काळ्या बायकांची एक वेगळी खोली होती, तिथं बसून हाताने हिशेब करायचे. पोटच्या पोरीला बहिणीकडे ठेवून संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन त्या इंजिनियर झाल्या आणि मग काचेपाशी गेल्या. पुढे इकडे पश्चिमेला आल्या आणि इथल्याच एका बोगद्यावरून रिटायर झाल्या.

मी एकदा म्हटलं, "यू व्हेरी बिग लेडी."

"बिग नाही," त्या म्हणाल्या. "करेक्ट."

त्या खोलीतली एक रीत त्या फार अभिमानाने सांगायच्या. कुठलाही हिशेब एकटीने करायचा नाही. दोघींनी करायचा, पाठीला पाठ लावून, एकमेकींच्या कागदात न डोकावता. शेवटी कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर उत्तर, नाही जुळले तर दोघींनी पहिल्यापासून. लुएलाबाईंची जोडीदारीण होती रुबी नावाची. एकदा दोघींचं जुळेना. वरचा साहेब घाईत. म्हणाला, "लुएला कॉलेजात जाते, तिचंच घ्या." लुएलाबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एकीचं उत्तर म्हणजे उत्तर नाही, साहेब, ते मत आहे. साहेब लालभडक. म्हणे, तुझंच बरोबर म्हणतोय तर तू का भांडतेस? पण बाई हटल्या नाहीत. सगळं काम थांबलं. दोघी परत बसल्या.

"मग? तुमचंच बरोबर निघालं असेल," प्रज्ञा म्हणाली.

"माझं चुकलं होतं!" लुएलाबाईंनी टेबलावर थाप मारली. एवढा आनंद मी स्वतःची चूक सांगताना कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. "माझं चुकलं होतं, आणि ते पंखापर्यंत पोचलं नाही. रुबी काय म्हणाली असेल? काही नाही. पेन्सिलीला टोक करत बसली. अर्धा दिवस नुसती टोक करत होती, डायन!"

'डायन' हा शब्द माझा. त्यांनी काय वापरला ते नातीने सांगायला नकार दिला.

मी एकदा विचारलं, तिथं तुमचं जेवणाचं टेबल वेगळं असायचं का? त्या म्हणाल्या, "हो. पण वाऱ्याला माझा रंग कळत नव्हता, मिस्टर के." खोब्रागडे त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून मी मिस्टर के. मग मी त्यांना हायवेवरच्या हॉटेलाची गोष्ट सांगितली. तिथं आम्हा लोकांसाठी कप वेगळा, बाहेर खिळ्याला टांगलेला. नवीन लग्न झाल्यावर कौसल्येला ट्रकमधून तिच्या माहेरी नेत होतो. तिने त्या कपातला चहा शेवटपर्यंत प्यायला, कप धुतला, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत दगडावर आपटला. पैसे कपासकट दिले. लुएलाबाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मग उठून आत गेल्या, कौसल्या ओट्याशी उभी होती, तिला पाठीमागून मिठी मारली. कौसल्येला काही कळेना. "अहो, यांना काय झालं? पोळी करपली माझी!"

त्या दोघींची भाषा एक नव्हती. तरी उन्हं असली की अंगणात शेजारी शेजारी बसायच्या. कौसल्या लोकरीचं विणायची, बाई तिचे टाके मोजायच्या, चुकला की बोट दाखवायच्या. कौसल्या म्हणायची, "ही सासू मला म्हातारपणी मिळाली."

कौसल्या गेली तेव्हा खूप लोक आले. सगळे चांगलं बोलले. सुटली म्हणाले, तुमच्या आठवणीत आहे म्हणाले. लुएलाबाई आल्या, कौसल्येच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि अंधार पडेपर्यंत तिथंच होत्या. जाताना मला म्हणाल्या, "आता तुमचा ताळा कोण घेणार?"

हिशेब बरोबर आला का ते पडताळणं म्हणजे ताळा. त्यांचा इंग्रजी शब्द वेगळा होता, पण त्यांना रुबी आठवत होती आणि मला वरणात मीठ आहे का ते सांगणारी माझी बायको. रुबीही कधीच गेलेली.

त्यानंतर मी फार वाईट वागत होतो. प्रज्ञाने केलेल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढायचो. एक दिवस भाजीवरून घर डोक्यावर घेतलं. कुंपणापलीकडून आवाज आला, "मिस्टर के! भाजी थरथरत नाहीये. अलीकडे बघा." मी ताट पुढे ओढलं. प्रज्ञा आतून हसली आणि मग रडली. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण नीट व्हायला लागलं.

आता मुख्य गोष्ट.

लुएलाबाई दरवर्षी इथल्या एका छोट्या विमान-संग्रहालयात शाळकरी मुलींना धाग्यांचा खेळ दाखवायच्या. काचेची पेटी, एका टोकाला पंखा, मध्ये हातभर लांब विमानाचा पंख. तो त्यांचा सण होता. ह्या वर्षी तो दिवस जवळ आला आणि माझ्या लक्षात आलं, बाई कुंपणावरचा धागा टेप नसलेल्या बाजूने लावतायत. मी ट्रक ड्रायव्हर. समोरून येणाऱ्याला दिसतंय की नाही, ते मला त्याच्या आधी कळतं.

मी म्हटलं, "मॅडम, यू नो सी."

त्यांनी धागा बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "पाहिलंत की वाटलं?"

"पाहिलं."

मग त्यांनी सांगितलं. नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसायचे, तोंड नाही. डॉक्टरला माहीत होतं, मुलीला नाही. मुलगी डेनिस, टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहणारी, भली बाई. पण तिला कळलं की संपलं. घर विकायचं, फ्रिस्कोला जायचं. आणि डेनिस नेमकी त्या कार्यक्रमाला येणार होती.

"तिचं घर मोठं आहे," लुएलाबाई म्हणाल्या. "सगळं आहे तिथं."

मुलाच्या घरी राहणं काय असतं ते मला विचारा. चांगलं असतं. पण किल्ली आपली नसते. ह्या बाईने त्या घरात स्वतःच्या हाताने नळ बसवले होते, नवऱ्याला तिथूनच शेवटचा निरोप दिला होता. मला वाटलं, हिला वाचवायचं. म्हटलं, मी पुढच्या रांगेत बसतो. तिसऱ्या ओळीतला धागा हलला की तीनदा खोकतो. दुसऱ्या ओळीतला हलला की दोनदा. कोणाला कळणार नाही. म्हातारी माणसं खोकतातच.

नातीने भाषांतर केलं आणि लुएलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"मुलींसमोर?" एवढंच म्हणाल्या. आवाज चढला नाही. पण घाटात ब्रेक गेलेला ट्रक सांभाळलेला मी, दोन पावलं मागे सरलो.

पुढचे काही दिवस बोलणं बंद. मग एका दुपारी त्यांनी गॅरेजातून हाक मारली. इस्त्रीचं लांबट टेबल उभं करून त्याला धागे चिकटवले होते, समोर पंखा लावला होता. "सांगा," म्हणाल्या. मी सांगायला लागलो. ही ओळ, तो धागा. दर वेळी तेच. पाहिलंत की वाटलं? पाहिलं. मग पंखा थोडा वळवायच्या, परत. मी विचारलं, म्हणजे मी खोकायचं का? "खोकायचं नाही. नुसतं यायचं." पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

कार्यक्रमाचा पंख पांढरा होता. काळी लोकर संपली होती. मी घरी गेलो आणि कौसल्येची पिशवी काढली. नातीसाठी लाल स्वेटर विणायला घेतला होता तिने, एक बाही झाली होती, दुसरी अर्धी. सुयांसकट तसाच पडून होता. मी अर्धी बाही उसवायला घेतली तर प्रज्ञा धावत आली.

"बाबा! आईंचं आहे ते!"

"म्हणून तर उसवतोय. पिशवीत कोणाला थंडी वाजतेय?"

ती माझ्याजवळ बसली आणि तिनेच पुढचं उसवलं.

त्या दिवशी सभागृह पोरींनी भरलं होतं. सगळ्या रंगांच्या पोरी. डेनिस दुसऱ्या रांगेत, मी पहिल्या. संग्रहालयाच्या तरुण साहेबाने ओळख करून दिली. पहिल्या कृष्णवर्णीय अमुक, पहिल्या महिला तमुक. लुएलाबाईंनी त्याचा माइक काढून घेतला.

"मी पहिली नव्हते. माझ्या आधी एक खोली भरून होत्या. मी त्यांच्यातली अजून मेलेली नाही, एवढंच." पोरी हसल्या. मग त्या म्हणाल्या, "आणि दुसरं. हे धागे मला दिसत नाहीत. माझी नजर गेली आहे. त्यामुळे आज मी पाहणार नाही. तुम्ही पाहणार."

गॅरेजातला सराव कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. मागे वळून बघायची मला हिंमत झाली नाही. डेनिसचा श्वास मात्र ऐकू आला.

पंखा सुरू झाला. लाल धागे उठले, थरथरले, आणि पांढऱ्या पंखावर सरळ निजले. माझ्या बायकोची अर्धी बाही. मी तिथं काय झालो ते लिहीत नाही.

सगळे सरळ, एक सोडून. एक पोरगी ओरडली, "मागची ओळ!" दुसरी ओरडली, "नाही, मधली!" दोघी भांडायला लागल्या. तरुण साहेब घाईत होता, माइकवर म्हणाला, "ओके, मागची धरू या."

लुएलाबाईंचं बोट वर गेलं.

"धरायचं नाही. तू आणि तू, पुढे या. एकमेकींशी बोलायचं नाही. परत बघा आणि एकेकीने माझ्या कानात सांगा."

दोन पोरी पेटीला नाक लावून उभ्या राहिल्या. एक झिपरी, काळीसावळी. एक आपल्यातली वाटत होती, दोन वेण्यांची. एक आली, कानात बोलली. दुसरी आली, कानात बोलली. लुएलाबाईंचा चेहरा उजळला.

"जुळलं! मधली ओळ, कडेचा धागा. आता हे उत्तर झालं." मग विचारलं, "खोट कुठं आहे?"

"त्या धाग्यात!" सगळ्या ओरडल्या.

"जिथं थरथरतं तिथं नाही," त्या म्हणाल्या. पंखा बंद करायला लावला, पेटी उघडून आत हात घातला. बोट त्या धाग्यावर ठेवलं आणि तिथून पुढे, वारा जिकडून येतो तिकडे, सावकाश सरकवलं. पंखाच्या पुढच्या कडेजवळ बोट थांबलं. टेपचा एक कोपरा उभा राहिला होता, नखाएवढा. त्यांनी तो दाबून बसवला. पंखा परत सुरू. सगळे धागे सरळ.

टाळ्या मी खूप ऐकल्या आहेत. सभांच्या, लग्नाच्या. ह्या वेगळ्या होत्या. त्या झिपरीने टाळ्या वाजवल्याच नाहीत, ती आपलं बोट बघत होती.

बाहेर पार्किंगमध्ये डेनिस म्हणाली, "ममा, केव्हापासून?" लुएलाबाई म्हणाल्या, "मिस्टर के पहारा देत होते, त्यांना विचार." डेनिस माझ्याकडे रागाने बघायला लागली, आणि बघता बघता तिने माझे दोन्ही हात धरले. बाई एका बाजूला ताठ उभ्या. घर गेलं हे त्यांना पंखा लावायच्या आधीच ठाऊक होतं. एवढं ठाऊक असून त्या माइककडे गेल्या. माझी छाती तेव्हापासून जी फुगली आहे, ती अजून खाली आलेली नाही. माझी बायको ह्या बाईची सून होती, आणि मी ह्या बाईचा ताळा.

निघायच्या सकाळी सामान आधीच गेलं होतं. डेनिस गाडी चालवत फ्रिस्कोपर्यंत नेणार होती. लुएलाबाईंनी माझ्या हातात टेपचा तुकडा आणि लाल धागा दिला.

मी धागा गाडीच्या आरशावर लावायला गेलो. "तिथं नको, आरशामागे हवा तुटते. दाराच्या पत्र्यावर." मी दारावर लावला, टेपचे कोपरे नखाने दाबून बसवले. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि आत बसल्या. मिठी वगैरे काही नाही.

गाडी निघाली. धागा खाली लोंबत होता, मग थरथरला. गाडीने गल्लीत वेग घेतला तसा तो उठला आणि दारावर आडवा, सरळ पडला. बाईंना तो दिसणार नव्हता. मी रस्त्याच्या मधे उभा राहून ओरडलो, "स्ट्रेट, मॅडम! ऑल स्ट्रेट!"

काच खाली झाली. एक बोट बाहेर आलं, वर.

"पाहिलंत की वाटलं, मिस्टर के?"

"पाहिलं!" मी मराठीतच ओरडलो. "पाहिलं, बाई, पाहिलं!"